वाट सापडते, माणूस सापडत नाही

दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात एखाद्या गावी जाऊन पाहावे. तालुका आष्टी असो, पाटोदा असो, केज असो की धारूर. चित्र फारसे बदलत नाही. गल्लीतल्या घरामागून घराला कुलूप दिसते. एखाद्या ओट्यावर म्हातारी बसलेली असते आणि तिच्याभोवती शाळेत जाणारी नातवंडे. गावातली कर्ती माणसे ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून ऊसतोडीला गेलेली असतात. अशा गल्लीतून डाक सेवक बँकेचे नोंदणीकृत पाकीट घेऊन येतो, कुलपाकडे पाहतो आणि पाकिटावर 'घर बंद' असा शेरा लिहून परत फिरतो. सात दिवस ते पाकीट टपाल कार्यालयात वाट पाहते आणि मग पाठविणाऱ्याकडे रवाना होते. ज्याच्या नावाचे ते होते त्याला बऱ्याचदा याची वार्ताही नसते. तो त्या वेळी तीन-चारशे किलोमीटरवर कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकातील बेळगाव-बागलकोटकडच्या एखाद्या उसाच्या फडात असतो.

टपाल पोहोचविण्यातील अडचणी म्हटल्या की आपल्या मनात येतात त्या वाटेतल्या अडचणी. पूर, घाट, चिखल, बर्फ. त्यांच्या कथाही रम्य असतात. जगात या बाबतीत सर्वाधिक दंतकथा झाल्या त्या अमेरिकेच्या अगदी उत्तरेकडील अलास्कातल्या टपालाच्या. तेथे हिवाळ्यात नद्या गोठत, बोटी थांबत आणि टपालाच्या पिशव्या कुत्र्यांनी ओढलेल्या स्लेजवर लादून शेकडो किलोमीटर न्याव्या लागत. थंडी शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली जाई. पण जाणकार टपालवाहकाला खरी भीती थंडीची नसे, पाण्याची असे. गोठलेल्या नदीवर बर्फाच्या थराखालून पाणी वर उसळते आणि ताज्या हिमाखाली लपून राहते. त्यात पाय भिजला की काही मिनिटांत आग पेटविता आली पाहिजे, नाही तर पाय गेलाच. कुत्र्यांच्या पंजांना बर्फाचे खडे कापत, म्हणून त्यांना कापडी मोजे घालावे लागत. कुत्र्यांसाठी वाळवलेले मासे सोबत न्यावे लागत. म्हणजे पत्रांचे ओझे वाढवायचे तर खाद्याचे ओझे कमी करायचे, असा हिशेब प्रत्येक खेपेला होता. वाटेवरच्या विश्रामगृहात टपालवाहकाला सर्वांत चांगली जागा मिळे आणि वाटेवर त्याची गाडी समोरून आली की इतरांनी बाजूला व्हायचे असा रिवाज होता.

फेब्रुवारी १९२४ मध्ये कार्ल बेन आयल्सन या वैमानिकाने फेअरबँक्सहून मॅकग्राथला विमानाने टपाल नेले. कुत्र्यांना जेथे सुमारे वीस दिवस लागत तेथे त्याला तीन तासही लागले नाहीत. पण लगेच पुढच्या वर्षी, जानेवारी १९२५ मध्ये, नोम या गावात घटसर्पाची साथ पसरली तेव्हा त्या हवेत विमानावर भरवसा ठेवण्यास अधिकारी धजले नाहीत. लस म्हणजे खरे तर घटसर्पाचे प्रतिविष. ते वीस गाडीवानांनी आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने हातोहात पोहोचविले. सुमारे १,०८५ किलोमीटरचे अंतर साडेपाच दिवसांत कापले गेले; एरवी टपालाला त्याच वाटेने सुमारे पंचवीस दिवस लागत. या वीस जणांपैकी अनेकांचा नेहमीचा व्यवसाय टपाल वाहण्याचाच होता. अखेरच्या टप्प्यातला बाल्टो हा कुत्रा जगप्रसिद्ध झाला. सर्वांत लांब आणि धोक्याचा टप्पा ओढणारा टोगो मात्र बराच काळ मागे राहिला. अमेरिकी टपाल खात्याची कुत्र्यांची शेवटची नियमित खेप सेंट लॉरेन्स बेटावर चेस्टर नूंगवूक यांनी चालविली, ती १९६३ मध्ये थांबली.

या साऱ्या कथेत एक गोष्ट सहज गृहीत धरलेली असते. टपालवाहक कसाबसा पोहोचला की पत्र घेणारा तेथे भेटतो. तिकडच्या हिवाळ्यात तो जाणार तरी कुठे? बीडमध्ये नेमके उलटे आहे. येथे हिवाळा लागला की वाट मोकळी होते आणि माणूस निघून जातो.

वाटेची अडचण बीडलाही कमी नव्हती, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. जिल्ह्याच्या उत्तरेला गोदावरी आडवी आहे. मधून बालाघाटाची रांग जाते. मांजरसुंबा आणि धारूर येथे रस्त्याला घाट ओलांडावा लागतो. सिंदफणा आणि बिंदुसरा या एरवी रोडावलेल्या नद्या पावसाळ्यात अंगावर येतात. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेने बीड शहरातच घातलेले थैमान जुन्या लोकांच्या स्मरणात आहे. नदी आडवी आली की काय होते याचा या भागातला सर्वांत प्रसिद्ध दाखला टपालाचा नसून लढाईचा आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनाला निजामअलीचे अर्धे सैन्य गोदावरीच्या एका तीरावर आणि दिवाण विठ्ठल सुंदर दुसऱ्या तीरावर, अशी अवस्था माधवराव पेशव्यांनी साधली. नदी भरलेली होती, पलीकडून मदत येऊ शकली नाही आणि विठ्ठल सुंदर मारला गेला. ज्या पाण्याने फौज अडविली त्या पाण्यापुढे काखोटीला थैली मारलेल्या जासुदाची काय कथा!

जासूद, काशीद, हरकारा, सांडणीस्वार हे शब्द आपण ऐतिहासिक कादंबऱ्यांतून वाचतो. पण तो रोजगार होता. मराठी दफ्तरातल्या पत्रांत 'जासूद जोडी रवाना केली' असा उल्लेख वारंवार येतो. वाटेत एकाचे बरेवाईट झाले तरी दुसऱ्याने थैली पोहोचवावी, इतका साधा विचार जोडी पाठविण्यामागे असणार. कंपनी सरकारच्या अमदानीत हेच काम सार्वजनिक डाकेच्या हरकाऱ्याकडे आले. खांद्यावर काठी किंवा भाला, त्याला घुंगरू आणि टोकाला पिशवी. काही मैलांचा टप्पा धावून पिशवी पुढच्याच्या हाती द्यायची. १८५४ मध्ये अंतर कितीही असले तरी वजनानुसार एकच दर ठरला. धारूरच्या घाटातले पत्र आणि मुंबईच्या पेठेतले पत्र एका भावाचे झाले, निदान कागदावर.

कागदावर म्हणण्याचे कारण असे की बीड तेव्हा इंग्रजांच्या मुलखात नव्हतेच. ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि संस्थानाचे टपाल खाते स्वतंत्र होते. १८६९ पासून हैदराबादची स्वतःची तिकिटे निघाली. पुढच्या काही तिकिटांवर फारसी आणि इंग्रजीबरोबर तेलुगू आणि मराठी मजकूरही असे. राज्यकारभाराची भाषा आपली नसलेल्या मुलखात तिकिटापुरती का होईना, देवनागरी अक्षरे रयतेच्या हाती पडत होती. मात्र ही तिकिटे संस्थानाच्या हद्दीपुरतीच चालत. म्हणजे बीडहून दूरच्या हैदराबादला लिहिलेले पत्र संस्थानी तिकिटावर जाई. पण शेजारच्या, इंग्रजी अमलातल्या अहमदनगरला लिहायचे तर इंग्रज सरकारचे तिकीट हवे. सोयरीक नगरकडे आणि सरकार हैदराबादला, अशी आष्टी-पाटोद्याची तऱ्हा होती. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले आणि १ एप्रिल १९५० ला हैदराबादचे टपाल भारताच्या टपाल खात्यात विलीन झाले. तेव्हा ही सरहद्द पुसली गेली.

तिची एक वेगळीच खूण मात्र आजही पाकिटावर दिसते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सहा आकडी पिनकोड आला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या कोकणातले, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पिनकोडचे पहिले तीन आकडे टपाल कोणत्या जिल्ह्यात विभागले जाते ते सांगतात. बीड शहराचा पिन ४३११२२, गेवराईचा ४३११२७. दोन्ही ४३१ ने सुरू होणारे, म्हणजे मराठवाड्याच्या गटातले. पण आष्टीचा ४१४२०३ आणि पाटोद्याचा ४१४२०४. हे ४१४ म्हणजे अहिल्यानगर. महसुलाचा जिल्हा बीड, टपालाचा जिल्हा नगर. येथे वेलणकरांच्या पद्धतीत चूक झालेली नाही. उलट तिची जाण दिसते. कलेक्टर कचेरीची हद्द कोठे आहे याच्याशी पत्राला कर्तव्य नसते, गाडी कोठून येते याच्याशी असते.

आणि गाडी म्हणजे मोटारगाडीच. जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यातले परळी रेल्वेच्या नकाशावर कधीचे आहे. पण बीड शहराला प्रवासी रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरहून. तोवर टपालाच्या पिशव्यांचा अखेरचा टप्पा रस्त्यानेच होई. एसटीच्या टपावर किंवा मागच्या बाजूला कोंबलेली, लाखेची मोहर असलेली किलतानी पिशवी, ती उतरवून घ्यायला थांब्यावर उभा असलेला खाकी कपड्यातला माणूस, आणि गाडी चुकली की गावाला उद्याशिवाय पत्र नाही हे दृश्य चाळिशी ओलांडलेल्या कोणाही मराठवाडी वाचकाला सांगावे लागणार नाही. ज्या गावी एसटी जात नसे तेथे पिशवी सायकलवर आणि सायकल जात नसे तेथे पायी. वाटेची अडचण अशी हळूहळू, चार पिढ्यांनी मिळून, बरीचशी सोडविली.

या साखळीतला शेवटचा दुवा खात्याचा पूर्णवेळ नोकर नसतो, हे शहरातल्या वाचकाला बहुधा ठाऊक नसते. खेड्यातल्या शाखा डाकघरात काम करतो तो ग्रामीण डाक सेवक. पूर्वी त्याला 'खातेबाह्य' कर्मचारी म्हणत. शब्दच पुरेसा बोलका आहे. रोजचे काम चार-पाच तासांचे धरलेले, मोबदला त्या हिशेबाने, आणि उपजीविकेचे दुसरे साधन असले पाहिजे ही अट. शाखा डाकपालाने कार्यालयाला जागाही स्वतःच द्यायची. त्यामुळे अनेक गावांत पोस्ट म्हणजे कोणाच्या तरी घराची पुढची खोली. हा माणूस गावचाच, बहुधा शेतकरी. म्हणून तर त्याला नकाशा लागत नाही. एकाच नावाचे तिघे असले तर पाकिटावरच्या वडिलांच्या नावावरून, ते नसले तर पाठविणाऱ्याच्या नावावरून तो ओळखतो. गावापासून दूर असलेले तांडे, वस्त्या, मळे त्याच्या पायाखालचे. विशेष कसब लागते ते बायकांच्या पत्रांना. बँकेच्या खात्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि गावात ती 'अमक्याची आई' म्हणून ओळखली जाते. असे पाकीट ज्याने बरोबर चुलीपर्यंत पोहोचविले त्याला कोणत्याही हरकाऱ्याइतकाच मान द्यायला हरकत नाही.

पण कुलपापुढे या माणसाचे कसब संपते.

ऊसतोडीचे जग शहरी वाचकाला दुरूनच दिसते, म्हणून थोडे सांगायला हवे. बीड जिल्ह्यातून दर हंगामात काही लाख माणसे तोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती हंगामभर फेडायची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. असे काही कोयते मिळून टोळी. टोळी कारखान्याच्या एखाद्या गटाला लागते. पण गटातही ती एका जागी राहत नाही. एका शिवारातला ऊस संपला की दुसऱ्या शिवारात. राहायला माळावर किंवा फडाजवळ टाकलेल्या कोप्या, बांबू, पाचट, ताडपत्री यांच्या. त्यांना घर क्रमांक नाही, गल्ली नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, म्हणजे वर्षाचे पाच-सहा महिने, या माणसांचा पत्ता 'चालू' असतो तो दोन्ही अर्थांनी.

या पत्त्यावर पत्र टाकायचे झाले तर काय लिहायचे? कारखान्याचे नाव, गट कार्यालयाचे गाव, द्वारा अमुक मुकादम, टोळीत तमुक. अशा पाकिटाला गावचा डाक सेवक नसतो. त्याला चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा पोरगा किंवा मुकादम हाच टपालवाहक. साधे पत्र या साखळीतून कदाचित जाईल. नोंदणीकृत पत्र कसे जाणार? ते ज्याच्या नावाचे त्याच्याच, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्याच्या, सहीने द्यायचे असते. ओट्यावरच्या म्हातारीला डाक सेवक जन्मापासून ओळखतो. पण मुलाचे अधिकारपत्र नसेल तर तिच्या हाती पाकीट ठेवणे त्याला नियमाने जमत नाही. ठेवले आणि उद्या तक्रार झाली तर त्याची अर्धवेळ नोकरीही जाते. दोष कोणाचा म्हणावा? नियम मूर्खपणाचा नाही. दुसऱ्याच्या नावचे पाकीट भलत्याच्या हाती पडले तर काय होते हे ज्यांनी जमिनीचे तंटे पाहिले आहेत त्यांना सांगायला नको.

खात्याकडे यावर उपाय नाहीत असे नाही. पत्ता तात्पुरता बदलला तर टपाल नव्या पत्त्यावर वळवावे असा अर्ज करता येतो. टपाल कार्यालयातच पत्र ठेवून घ्यावे, आपण येऊन नेऊ, अशीही जुनी सोय आहे. भटक्या प्रवाशांसाठी आणि फिरत्या व्यापाऱ्यांसाठी ती केलेली होती. पण वळवायचे तर वळविण्याजोगा एक पत्ता हवा, आणि येऊन न्यायचे तर तोडीतून दिवस मोकळा हवा. तोडीत खाडा म्हणजे मजुरी बुडाली. ज्याने या सोयी आखल्या त्याच्या डोळ्यांसमोर बदली झालेला कारकून होता, कोयता नव्हता.

कोणी म्हणेल, आता पत्रे येतात कोठे? तार १५ जुलै २०१३ पासून बंद झाली, ख्यालीखुशाली मोबाइलवर कळते. खरे आहे, खुशालीचे पोस्टकार्ड गेले. मात्र जे टपाल उरले ते जास्त कठोर आहे. बँकेची नोटीस, एटीएम कार्ड, आधार कार्ड, कोर्टाचे समन्स, विम्याचा कागद, मुलाच्या भरतीचे बोलावणे. खुशालीचे पत्र चार महिने उशिरा मिळाले तर हळहळ वाटते. नोटिशीची मुदत टळली तर खळे लुटले जाते. हातात न पडलेली नोटीस म्हणजे मिळालीच नाही असे शेतकऱ्याला वाटते. कायदा नेहमीच तसे मानत नाही. योग्य पत्त्यावर नोंदणीने पाठविलेले पत्र पोहोचले असे गृहीत धरले जाऊ शकते. ते पोहोचले नाही हे दाखविण्याची जबाबदारी मग ज्याच्या घराला कुलूप होते त्याच्यावर येते. या एका गृहीतकात बीडचे सहा महिने बसत नाहीत.

पैशांच्या बाबतीत मात्र टपाल खात्याने ही गाठ सोडविली आहे, आणि ती कशी सोडविली हे पाहण्यासारखे आहे. १ सप्टेंबर २०१८ ला टपाल खात्याची पेमेंट्स बँक सुरू झाली. आधारशी जोडलेल्या कोणत्याही बँक खात्यातले पैसे डाक सेवकाच्या हातातल्या यंत्रावर अंगठा टेकवून मिळू लागले. बीडचे खाते, सांगलीचे पोस्ट, चालते. म्हणजे पैसा पत्त्याला बांधलेला राहिला नाही, माणसाला बांधला गेला. अडचण उरली ती वेगळीच. उसाचे पाते आणि कोयत्याची मूठ यांनी बोटांच्या रेषा झिजतात, आणि यंत्र अंगठा ओळखत नाही.

पत्राच्या बाबतीतले नवे प्रयत्न मात्र अजून जागेभोवतीच फिरत आहेत. मे २०२५ मध्ये 'डिजिपिन' आले. साऱ्या देशाचे चार मीटर बाय चार मीटर असे चौकोन पाडले आणि प्रत्येकाला दहा अक्षरी संकेत दिला. ज्या तांड्याला, वस्तीला, मळ्यातल्या घराला धड पत्ता नव्हता त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. रुग्णवाहिकेलाही तिचा उपयोग होईल. माळावरच्या कोपीलाही डिजिपिन आहे. पंधरवड्यानंतर कोपी दुसऱ्या माळावर जाते, डिजिपिन तेथेच राहतो. २०२५ मध्येच नोंदणी टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आणि १ ऑक्टोबरपासून, जादा शुल्क भरल्यास, मोबाइलवर आलेला संकेतांक सांगूनच पाकीट ताब्यात देण्याची सोय झाली. या व्यवस्थेत एक गंमत अशी की फोन माणसाबरोबर असतो आणि पाकीट घराबरोबर. संकेतांक वाजतो कागलच्या फडात, आणि पाकीट उभे असते पाटोद्याच्या कुलपापुढे.

तरी याच फोनमुळे गावोगावच्या डाक सेवकांना एक सोपी वाट सापडते. पाकिटावर मोबाइल क्रमांक असला की फोन लावायचा. पलीकडून उसाच्या सळसळीत आवाज येतो. पाकीट कोणाचे आहे ते सांगायचे, बँकेचे असेल तर बँकेला फोन करायला सांगायचे, अधिकारपत्र पाठविता येईल का ते विचारायचे. नियमात हे काम कोठे लिहिलेले नाही आणि त्याच्या चार-पाच तासांत ते मोजलेही जात नाही. पाकिटावर क्रमांक नसेल तर मुकादमाचा क्रमांक गावात कोणाकडे तरी असतोच.

मार्च-एप्रिलात पट्टा पडतो, कारखाने बंद होतात आणि ट्रॉल्या गावाकडे वळतात. कुलपे निघतात. दाराखालून सरकवलेली साधी पाकिटे धुळीत पडलेली असतात. त्यांतली बहुतेक विजेची बिले असतात. नोंदणीची पाकिटे केव्हाच परत गेलेली असतात. ती कोणाकडून आली होती, हे पोस्टात जाऊन विचारायचे, तर डाक सेवक त्या वेळी स्वतःच्या शेतात नांगरटीवर असतो. मग संध्याकाळी त्याच्या घरी जायचे.